पहिले चावीचे घड्याळ घेताना

आपण पहिल्याच खरेदीत महागड्या स्विस घड्याळाचा विचार करत असाल, परंतु माझा आग्रह असा की सुरुवात एचएमटी या भारतीय सरकारी कंपनीच्या ‘जनता’सारख्या चावीच्या घड्याळाने करावी. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झालेल्या या घड्याळनिर्मितीने अनेक मराठी घरांत वडिलांच्या मनगटावर जागा मिळवली. ‘जनता’च्या आतल्या डोलणाऱ्या चक्राचा ठोका सेकंदाला पाच वेळा पडतो, आणि तो कानाशी धरून ऐकला की यांत्रिक घड्याळाची ओढ का लागते ते उमगते.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे चकचकीत तबकडीला भुलणे. बाजारात जुन्या घड्याळांवर नव्याने रंगवलेल्या भडक तबकड्या बसवून ती ‘नवी’ म्हणून विकली जातात. म्हणून अक्षरांचा ठसा भिंगातून पाहावा, मागचे झाकण उघडून यंत्र दाखवण्यास सांगावे, आणि विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सौदा सोडावा. किंचित पिवळसर पण मूळ तबकडी मला केव्हाही अधिक मोलाची वाटते.

वापरताना एवढे जपावे:

- चावी रोज ठरावीक वेळी, घड्याळ मनगटावरून काढून द्यावी आणि अडकल्यासारखे वाटताच थांबावे.
- पाणी व चुंबक यांपासून ते दूर ठेवावे.

दिवसाला अर्धा मिनिट फरक पडला तरी घाबरू नये. यंत्राचे बारकावे, दुर्मीळ मॉडेले आणि स्विस घड्याळे यांचा विचार वर्षभरानंतर करावा. तोवर विश्वासू घड्याळजी मात्र अवश्य शोधून ठेवावा.