रोज एक रील? मग चटणी कधी कुटायची!

प्रश्न : मी आणि माझी जाऊ मंगळवार पेठेत घरीच कांदा-लसूण चटणी करून विकतो. पुतण्यानं इन्स्टाग्राम सुरू करून दिलं आणि "काकू, रोज एक रील पडलीच पाहिजे" असं बजावलं. तीन महिने टाकल्या. आता दुपारी कांदा तळायचा की मोबाइल धरायचा, असं झालंय. थांबलो तर गिऱ्हाईक तुटेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी पुतण्याला एकदा कढईपुढं उभं करा.

या फेऱ्यातून मीही गेलेय. आमचं चपलांचं दुकान. एका वर्षी एप्रिल-मे दोन महिने रोज काही ना काही टाकलं, मग दमून चार महिने काहीच नाही. बिंदू चौकात एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. "काय ओ वहिनी, दुकान बंद केलंसा व्हय?" साठ पोस्टी त्यांना आठवत नव्हत्या, खंड तेवढा दिसला होता. आठवड्याला दोनच टाकल्या असत्या तर त्याच साठ तीस आठवडे पुरल्या असत्या. शिवाय मे संपताना मी कापशी चपलांच्या रील टाकल्या. पावसाच्या तोंडावर! मुंबईच्या चार जोड्या भिजून, फुगून परत आल्या.

तेव्हापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरच पेन्सिलीनं खुणा करते. तुमचं कॅलेंडर तर माझ्यापेक्षा सोपं आहे. मार्च ते मे चटणीचा हंगाम, तेव्हाच वर्षाचं चित्रण उरकायचं. गच्चीवर वाळत घातलेली ब्याडगी मिरची आणि तिच्या सुरकुत्या, शेजारी संकेश्वरी, रंग कुणाचा आणि तिखटपणा कुणाचा हे जाऊबाईंच्या तोंडून. मिरची कुटायच्या डंकावर रांगेत ठेवलेले डबे आणि शिंकणारी माणसं. कांदा मात्र सावकाश घ्या. पांढऱ्याचा बदामी होतो, कढईतला चुरचुर आवाज हळूहळू बसतो आणि तुमचा हात आपोआप झाऱ्याकडं जातो, तेवढं अर्धं मिनिट गाण्याशिवाय टाका. दोन दिवसांच्या कामात तीस-चाळीस तुकडे सहज मिळतात. त्यासाठी वेगळं नटूनथटून बसायची गरज नाही.

मग ते पुरवून वापरायचे. आषाढात घरोघरी मटण शिजतं, तेव्हा तांबड्या रश्श्यात चटणी किती घालायची ते सांगा. श्रावणात झुणका-भाकरी दाखवा, नाहीतर सरळ हात आखडता घ्या. मी तर घेतेच. दिवाळीआधी पुण्या-मुंबईच्या पोरांना जाणारी पार्सलं असतात, तेव्हा आठवड्याला तीन टाकल्या तरी चालेल. एरवी दोन पुरे.

विषय सुचत नाही म्हणाल, तर फोनशेजारी एक वही ठेवा. गिऱ्हाईक जे विचारतं ते लिहायचं : किती तिखट? किती महिने टिकते? बिनलसणाची मिळेल का? एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की त्याची रील करायची. आमच्याकडं "करकर वाजते का?" या एका प्रश्नावर चार रील झाल्या, आणि त्याच जास्त चालल्या.

इन्स्टाग्रामच्याच कंपनीच्या मेटा बिझनेस सूट ॲपमध्ये पोस्टी आधीच तारीख-वेळ घालून लावता येतात, फुकट. महिन्यातून एका रविवारी आठ लावून मोकळं व्हा. पुतण्याला हेच काम द्या. स्टोरी आणि व्हॉट्सॲप स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून भाव आणि "आज ताजी कुटली" एवढंच तिथं. भाव रीलमध्ये घालू नका, मिरची महागली की जुनी रील दाखवून लोक भांडतात. आणि एकच निरोप एकदम सगळ्यांना धाडायला व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट करणार असाल, तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. पुडीवर "नंबर सेव्ह करा" असं छापून घ्या.

हो, चित्रण करताना मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवा, कढईपासून दोन हात लांब. माझ्या फोनला अजून चपलांच्या तेलाचा वास येतो.