आधी वसुली, मग गाळा

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी चटणीची पुडी परवा मिळाली. त्याच दिवशी मटकीच्या उसळीत घातली. रंग छान आलाय, तर्रीही चांगली सुटली. कांदा पुरता वाळवून तळलायस हे वासावरूनच कळलं. घाई करणाऱ्यांची चटणी तिथेच बिघडते, आत ओल राहते आणि दोन महिन्यांत खवट वास मारायला लागतो. लसूण मला किंचित कमी वाटला. पण ते तुझ्या आईच्या हातचं माप असेल तर माझ्या सांगण्यावरून बदलू नकोस. नऊ दुकानांतली गिऱ्हाइकं त्याच चवीसाठी परत येतायत.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. गाळा भाड्याने घेऊ का आणि कांडप मशीनसाठी कर्ज काढू का, असं तू विचारलंयस. त्यावर मी फोनवर तुला उलट एकच विचारलं होतं, बाहेर उधारी किती आहे? तू म्हणालीस, "असतील तीसेक हजार, नक्की बघावं लागेल." त्या "असतील"ची मला काळजी लागली, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

महिन्याला तू चाळीस किलो चटणी विकतेस, किलोला ६०० रुपयांनी. म्हणजे विक्री झाली २४,००० ची. बाहेर अडकलेत ३०,०००. सव्वा महिना तू, तुझी आई आणि मदतीला येणाऱ्या दोघी दुकानदारांसाठी फुकट राबलात, असाच याचा अर्थ होतो. दुसऱ्या एखाद्या धंद्यात हे कदाचित निभावेल. आपल्या धंद्यात निभत नाही, कारण आपण विकतो बारा महिने आणि मिरची घेतो दोन महिन्यांत.

नवी मिरची बाजारात जोरात येते ती संक्रांतीनंतर. फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतलेली मिरची कडकडीत उन्हात वाळते, देठ पटकन तुटतो, मुठीत दाबली की चुरचुरते. रंगासाठी ब्याडगी, तिखटाला आणि चवीला संकेश्वरी, प्रमाण ज्याचं त्याचं. पाऊस पडल्यावर तीच मिरची मऊ पडते. पुढे शीतगृहातला माल मिळतो, पण तेव्हा भाव विकणाऱ्याच्या हातात असतो.

तुझा हिशोब मी करून पाहिला. एक किलो मिरचीत कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, गरम मसाला पडून साधारण दोन किलो चटणी होते. चाळीस किलोला वीस किलो मिरची, वर्षाला २४० किलो. भाव ३०० धरला तर ७२,००० रुपये, आणि ते एकदम लागणार. शिवाय देठ, माती आणि ओल जाऊन घट येते ती वेगळी. दहा किलोमागे किलोभर तरी धरच. आता तुझ्या त्या तीस हजारांकडे बघ. ती शंभर किलो मिरची आहे. पाच महिन्यांची चटणी तू दुकानदारांच्या गल्ल्यात ठेवून आली आहेस.

हे मला कसं कळलं ते सांगते. माझ्या धंद्याचं दुसरं वर्ष होतं. एका कँटीनच्या कंत्राटदाराने आठवड्याला दहा किलोची ऑर्डर दिली. मला आभाळ ठेंगणं झालं. पहिले तीन आठवडे पैसे वेळेवर आले. मग "बिल वर पाठवलंय", मग "साहेब रजेवर आहेत", मग नुसतंच "पुढच्या सोमवारी". मी अकरा आठवडे माल देत राहिले. मोठं गिऱ्हाईक तुटेल या भीतीने माल पोचल्याच्या चलनावर सही मागायलासुद्धा संकोचले. एक दिवस गेले तर कंत्राट दुसऱ्याला गेलेलं, आणि आधीच्या माणसाचा पत्ताच नाही. माझ्याकडे कागद कुठला? ३८,००० रुपये गेले.

पण खरं नुकसान त्याच्या पुढचं आहे. त्या मार्चमध्ये माझ्याकडे मिरचीला पैसे नव्हते. जूनमध्ये उधारीवर चार पोती उचलली. उधारीवर घेणाऱ्याला माल निवडून मिळत नाही, मिळेल तो घ्यावा लागतो. घरी येऊन पोतं उसवलं तर वरची मिरची लालभडक. आत हात घातला आणि तो गार लागला. एक मिरची मोडून पाहिली, बियांवर करडी बुरशी धरलेली. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं सूप बाजूला ठेवलं. दोन दिवस आम्ही दोघी एकेक मिरची मोडून निवडत होतो. दीड पोतं फेकलं. उरलेल्याची चटणी केली ती फिकी झाली, आणि पहिल्यापासून घरून नेणाऱ्या तीन बायकांनी पुन्हा मागितली नाही. कंत्राटदाराने बुडवलेले पैसे मी दीड वर्षात भरून काढले. त्या तिघी परत आल्या नाहीत.

म्हणून गाळा आणि मशीन दोन्ही आत्ता थांबव. डंकावर कांडून आणणं तुला परवडतंय. चाळीस किलोसाठी स्वतःचं मशीन दिवसभर रिकामं बसेल आणि हप्ता मात्र चुकणार नाही. कर्ज घ्यायचंच झालं तर ते मिरचीसाठी घे. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंतचं कर्ज तारण न ठेवता मिळतं, खेळत्या भांडवलालाही मिळतं. पण आधी वसुली कर. उधारीचं भोक तसंच ठेवून कर्ज घेतलंस तर तेही दुकानदारांकडेच जाऊन बसेल.

मागायला लाज वाटते म्हणालीस. मला कळतं ते. आपल्याला लहानपणापासून द्यायला शिकवलेलं असतं, मागायला नाही. पण आपल्याच मालाचे पैसे आहेत. सकाळी बोहनीच्या आत जाऊ नकोस, त्या वेळी कुणी देत नाही आणि मनातून नाराज होतो. संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी असते. अकरा ते बारा जा, मालक स्वतः गल्ल्यावर असताना. घरच्या अडचणी सांगू नकोस, आईच्या औषधाचं नाव काढू नकोस. वही उघडून आकडा सांग: "काका, मागच्या बिलाचे ३,२०० आहेत. ते जमा झाले की आजचा माल उतरवते." आणि खरंच उतरवू नकोस. पिशवी हातात घेऊन उभी राहा. पहिल्यांदा पाय थरथरतील. नऊपैकी सहा जण तिथल्या तिथे फोन काढून पैसे पाठवतील, असं माझं मन सांगतं. त्यांच्याकडे पैसे असतात, पण जो मागतो त्याला आधी मिळतात.

इथून पुढे सगळ्यांशी बिल टू बिल. मागचं बिल चुकतं झाल्याशिवाय पुढचा माल नाही. एखादा यावर तुटेल. तुटू दे. पाच किलोचे ३,००० बुडाले तर तुझ्या पदरचे २,४०० गेलेले असतात, कारण किलोमागे तुला १२० च सुटतात. ते भरून काढायला आणखी वीस किलो विकावी लागेल, म्हणजे अर्ध्या महिन्याचं काम. असं गिऱ्हाईक ठेवून तुला काय मिळणार?

तुझ्या मामांच्या खानावळीचे ७,००० सगळ्यांत जुने आहेत, आणि तिथेच तुझी जीभ रेटत नाही. मामांशी मी बोलले तर त्यांना लागेल. तूच जा, आईला घेऊन. हप्त्याने देऊ देत, पण तारीख ठरवून. नात्यात द्यावंसं वाटेल तेव्हा अर्धा किलो भेट म्हणून दे आणि वहीत लिहू नकोस.

कागदाचं थोडं सांगते. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, करून घे. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, त्यासाठी एजंटला हजार-दोन हजार मोजू नकोस. लघुउद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तशी तरतूद झालीय, मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला याचं काही वाटणार नाही. पण उद्या एखादं मोठं हॉटेल किंवा कँटीन आलं, तर बिलावर उद्यम क्रमांक आणि चलनावर माल घेणाऱ्याची सही असलीच पाहिजे. सही द्यायला जो कां-कूं करतो त्याला पहिली खेपसुद्धा देऊ नकोस.

आणि बँकेत धंद्याचं खातं वेगळं काढ. विकलेल्या दर किलोमागचे १५० रुपये मिरचीचे आहेत, ते महिन्याच्या महिन्याला आरडीत टाक. घरात लग्न निघालं तरी त्याला हात लावायचा नाही. आईचा आणि तुझा पगार ठरव, कितीही थोडा असो. आज गल्ल्यातून भाजी आणि उद्या गॅस असं चाललं तर किती सुटलं ते तुला कधीच कळणार नाही.

यंदा २४० किलो एकदम तुझ्याच्याने होणार नाही. शंभर-सव्वाशे किलो चांगली घेऊ, बाकीची एप्रिलपर्यंत दोन खेपांत. संक्रांत झाली की मी गडहिंग्लजला बाजारला जाते, तेव्हा तूही चल. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मिरची कशी बघायची ते दाखवीन. पण त्याआधीच्या रविवारी घरी ये, वही घेऊन, नऊही दुकानांचे आकडे तारखेसकट लिहून. मामांचाही.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
काकू