चार्ज देऊन जा

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आमच्या ओट्यावर बसून रडलीस आणि मी गप्प राहिलो. तुझ्या काकूनं चहा दिला, तू डोळे पुसलेस आणि गेलीस. 'काका, मी चुकतेय का?' याला तेव्हा उत्तर सुचलं नाही. दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो आहे.

पुण्याची नोकरी घ्यावीस की बडोद्यातच राहावंस, त्या मुलाशी लग्न करावंस की नाही, यात मी पडणार नाही. ते तुझं तुला कळतं. मला लागलं ते वेगळंच. शुक्रवारचं तिकीट काढून ठेवलंयस. बाबांना गाडीत बसल्यावर फोन करणार, त्या मुलाला 'नंतर बोलू' असा मेसेज टाकणार, ऑफिसला मेल. का, तर समोरासमोर बोललीस तर तुझा पाय निघणार नाही.

बेटा, जा. पण चार्ज देऊन जा.

मी ३४ वर्षं केमिकलच्या कारखान्यात पाळ्या केल्या. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. तिथे एक नियम होता. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि तो आला म्हणून लगेच बसकडे पळायचं नाही. कुठल्या पंपाचा आवाज बदललाय, कुठला व्हॉल्व्ह अर्धाच उघडतोय, कुठे दुरुस्तीचं परमिट चालू आहे, हे सगळं लॉगबुकात लिहिलेलं असलं तरी तोंडानं सांगायचं. त्याच्याकडे बघून. त्यानं उलट दोन प्रश्न विचारले की समजायचं, पोचलं. याला आम्ही चार्ज देणं म्हणायचो.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला पायपर अल्फाची हकीकत सांगायचे. उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८. दिवसपाळीनं एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. तसा कागद लिहून ठेवला, पण रात्रपाळीला कुणी तोंडी सांगितलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हाच सुरू केला. १६७ माणसं गेली. कागद लिहिलेला होता गं! तुझा तो मेसेज म्हणजे असलाच कागद आहे. तू पाठवलास म्हणजे समोरच्याला पोचला, असं तू धरून चालली आहेस.

आता माझं सांगतो. मुलांनाही हे पुरतं सांगितलेलं नाही.

तेव्हा आम्ही कारेलीबागेत तळमजल्यावर भाड्यानं राहायचो. मुलगी सात महिन्यांची. दोन दिवस पाऊस धरून होता. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकलं की आजव्याच्या धरणातून पाणी सोडलंय. आजव्याचं पाणी म्हणजे विश्वामित्री नदी चढणार, हे बडोद्यात पोरालाही माहीत. माझी रात्रपाळी होती. सव्वानऊला निघालो तेव्हा तुझी काकू आणि बाळ, दोघी झोपल्या होत्या. दिवसभर बाळ किरकिरत होतं, आत्ताच डोळा लागला होता. कशाला उठवायचं, म्हणून चपला हातात घेऊन बाहेर पडलो.

पहाटे घरात पाणी शिरलं. अंधारात तिनं बाळाला उचललं आणि वर मालकांकडे गेली. बाकी काही वाचलं नाही. इकडे काळ्या घोड्याचा पूल बंद झाला, माझा रिलीव्हर पोचलाच नाही. मी चोवीस तास बॉयलरवर होतो. घरी आलो तेव्हा ती जिन्यात बसली होती. पायांवर चिखल वाळलेला. तिनं एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

मी कारखाना सोडून धावत यायला हवं होतं का? नाही. आजही येणार नाही. चालू बॉयलर टाकून कोणी निघत नाही, तिथे आत आणखी माणसं असतात. हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. ती ऐकून घेते आणि हातातलं काम करत राहते. चूक तिथे राहण्यात नव्हतीच. चूक सव्वानऊला झाली, चपला हातात घेतल्या तेव्हा. मला वाटलं मी तिची झोप जपतोय. खरं म्हणजे 'अशा रात्री तुम्ही जाऊ नका' असं ती म्हणाली असती, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

तूही तेच करते आहेस! बाबांना त्रास नको, त्या मुलाला दुखवायचं नाही, हे सगळं बोलण्यापुरतं. तुला त्यांची उत्तरं ऐकायची नाहीत. ऐक. बाबा चिडतील, चिडू देत. तो मुलगा रडेल. नाही म्हणायचं असेल तर 'नाही' हा शब्द त्याच्यासमोर उच्चार, 'नंतर' म्हणू नकोस. दोन वर्षं ज्यानं तुझी वाट पाहिली त्याला एवढा हक्क आहे. पाय निघणार नाही म्हणतेस, तर नाही निघाला तर नाही निघाला. निदान का, ते तुला कळेल.

आणि बाबांना नुसतं 'मी जातेय' म्हणून भागणार नाही. त्यांच्या गोळ्यांचा डबा दर रविवारी तू भरतेस. सकाळची कुठली, जेवणानंतरची कुठली, त्यांना माहीत आहे का? विजेचं बिल तुझ्या मोबाईलवरून जातं. गॅसचा नंबर तुझ्या नावावर आहे. हे त्यांच्याशेजारी बसून सांग, त्यांना त्यांच्या हातानं डबा एकदा भरू दे, ते विचारतील ते विचारू दे. त्यात दोन तास गेले तरी जाऊ देत. मी शेवटच्या दिवशी एका नव्या पोराला चार्ज दिला तेव्हा पाऊण तास लागला होता. बाहेर बस हॉर्न वाजवत होती. मी गेलो नाही.

आज मंगळवार. बाबा साडेपाचला कमाटी बागेत फिरायला जातात, हे तुला सांगायला नको. सोबत जा. फोन घरी ठेव. आठपर्यंत मी ओट्यावरच आहे.

तुझा,
काका