छताचा गिलावा फुगून पडत आहे. वरून नवा गिलावा मारून छत पूर्ववत दिसेल का?

दिसेल, मात्र आधी ओल कोठून येते ते शोधून ती थांबवावी, कारण वरच्या न्हाणीघराची किंवा गच्चीची गळती चालू असताना केलेले काम टिकत नाही. त्यानंतर संपूर्ण छत हातोडीने हलके ठोकून पाहावे आणि जेथे पोकळ आवाज येतो तेथील गिलावा, तो वरवर चांगला दिसत असला तरी, काढून टाकावा.

काँक्रीटमधील पोलादी सळई उघडी पडली असेल, तर प्रश्न केवळ गिलाव्याचा राहत नाही. गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि त्या दाबानेच काँक्रीट फुटते. म्हणून सळईच्या मागपर्यंत खोदून, तारेच्या ब्रशने गंज पूर्णपणे घासून, गंजरोधक लेप द्यावा आणि मग बाँडिंग कोट (जुन्या काँक्रीटला नवा थर धरून ठेवणारा लेप) चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा मसाला) पातळ थरांत भरावे. सळई झिजून बारीक झाली असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. घरातल्या माणसांच्या डोक्यावरच्या कामात काटकसर करणे मला सर्वथा अयोग्य वाटते.

जुने छत रवाळ असेल, तर भरलेला भाग थोडा घट्ट होऊ लागल्यावर ओल्या स्पंजने गोलाकार फिरवून तसाच पोत आणता येतो. गुळगुळीत छतासाठी पुट्टीचे दोन हात, सँडपेपर आणि प्रायमर पुरेसे आहेत. रंग मात्र संपूर्ण छताला द्यावा. खिडकीतून तिरपा उजेड पडला की ठिगळाची कड लगेच दिसते.