वाचकांचे प्रश्न : फ्लॉसचे दिवे

प्रश्न : दिवे बनवणाऱ्या फ्लॉस या इटालियन कंपनीची सुरुवात मिलानची का? तिचे रेशमाच्या कोशासारखे दिवे कशाचे असतात?

उत्तर : मिलान नव्हे, उत्तर इटलीतल्या डोंगरांतलं मेरानो. दीनो गाविना आणि चेझारे कास्सिना यांनी 1962 मध्ये तिथे कंपनी काढली. मेरानोचे आर्तुरो आइझेनकाइल अमेरिकेतून ‘ककून’ नावाचं फवारायचं प्लास्टिक आणत होते. मूळ उपयोग लष्करी सामान गुंडाळून ठेवायला. तारेचा सांगाडा फिरवत त्यावर फवारा मारला की तंतूंचं जाळं बसतं आणि ताणलेला पापुद्रा तयार होतो. डिझायनर कास्तिल्योनी बंधूंचे ताराक्साकुम आणि व्हिस्कोंतेआ हे दिवे असेच झाले. पुढे कंपनीचे प्रमुख सेर्जो गांदिनींच्या काळात कारभार ब्रेशियाकडे गेला, आणि सत्तरच्या दशकात जीनो सारफात्तींची आर्तेलुचे ही दिव्यांची कंपनीही फ्लॉसने घेतली. हे दिवे कोरड्या मऊ ब्रशनेच झटका, ओला फडका घासू नका. गरम बल्बने पापुद्रा पिवळा पडतो, एलईडी लावा.

प्रश्न : फ्लॉसच्या ‘आर्को’सारखा, दगडी बैठकीवर उभा राहणारा लांब कमानीचा दिवा कारागिराकडून करून घेतला, पण तो पुढे झुकतो. आणि मूळ दिव्याच्या दगडाला भोक का असतं?

उत्तर : भोक शोभेचं नाही. कारारा संगमरवराचा दगड साधारण 65 किलोचा. भोकात झाडूचा दांडा घालून दोघांनी उचलायचा. अकिल्ले आणि पिएर जाकोमो या कास्तिल्योनी भावांना 1962 मध्ये छताला भोक न पाडता जेवणाच्या टेबलावर उजेड हवा होता, तोही मागून माणूस वाढायला जाऊ शकेल इतक्या अंतरावरून. म्हणून कमान एवढी लांब, आणि दगड एवढा जड.

तुमच्या दिव्याचा हिशेब असा: वजन गुणिले कडेपासूनचं अंतर, आणि दगडाच्या बाजूचा आकडा मोठा हवा. समजा, कमानीचं टोक आणि टोपी मिळून 5 किलो, दगडाच्या पुढच्या कडेपासून 2 मीटरवर: 5 × 2 = 10. दगड 65 किलोचा आणि त्याचा मध्य कडेपासून 25 सेंटिमीटर आत असेल तर 16 भरतात, दिवा उभा राहतो. तोच दगड 30 किलोचा असेल तर जेमतेम 7.5, दिवा आडवा होणारच. 65 किलोला सुमारे 24 लिटर आकारमानाचा भरीव ठोकळा लागतो. पोकळ पेटीवर संगमरवराच्या फरश्या चिकटवल्या असतील तर तिथेच घात झाला. नवा दगड येईपर्यंत कमानीचे तुकडे एकात एक सरकवून लांबी कमी करा, पण आतली वायर सैल ठेवा. ताणली तर पत्र्याच्या कडेवर तिचं आवरण सोलतं. नव्या ठोकळ्यातलं भोक गुरुत्वमध्यापेक्षा उंचावरच पाडायला सांगा, नाहीतर उचलताना दगड दांड्यावर उलटा फिरेल.