गाडीचा नंबर खाली ओढला की वाढत जातो, त्यावर उपाय

प्रश्न असा आहे: देवगडहून वाशीला गेलेल्या हापूसच्या पेट्यांची यादी, ३१२ ओळी, सगळा माल एकाच गाडीतला. गाडीचा नंबर पहिल्या ओळीत टाकून सेलच्या (चौकोनाच्या) कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढला, तर शेवटचे आकडे ४४१७, ४४१८, ४४१९ असे वाढत गेले. घरी एक्सेल, संस्थेत लिब्रेऑफिस, आणि दोघांचं वागणं एकमेकांशी जुळत नाही.

ओढूच नका. कंट्रोल आणि डी ही जोडी त्यासाठीच आहे. ती वरच्या सेलमधलं जसंच्या तसं खाली उतरवते, एकही आकडा वाढवत नाही, आणि एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क, गूगल शीट्स या तिन्हींत चालते.

नंबर सी२ मध्ये आहे असं धरू. रकान्यांच्या वर सूत्र दाखवणारी आडवी पट्टी असते, म्हणजे फॉर्म्युला बार; तिच्या डाव्या टोकाला छोटी चौकट असते, तिथे इंग्रजी अक्षरांत सी२:सी३१३ टाइप करून एंटर दाबा. तेवढा रकाना निवडला जाईल. मग कंट्रोल-डी. तारीख आणि दलालाचं नाव शेजारच्या डी, ई रकान्यांत असेल तर सी२:ई३१३ निवडा, तिन्ही एका फटक्यात उतरतील.

दोन ठिकाणी चूक होते. निवडीतली सगळ्यात वरची ओळ हीच मूळ प्रत धरली जाते. सी२ ऐवजी चुकून सी१ पासून निवडलंत तर मथळाच ३१२ वेळा उतरेल, आणि वरचा सेल रिकामा असला तर खालचं सगळं पुसलं जाईल. दुसरी चूक निवडण्यातली. रकाना खाली रिकामा असताना कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण दाबला की निवड थेट शिटच्या तळाशी जाते. एक्सेलमध्ये तो तळ १०,४८,५७६ व्या ओळीवर आहे. त्यावर कंट्रोल-डी मारलं तर फाइल फुगते आणि जुना कॉम्प्युटर घाम गाळत बसतो. म्हणून चौकटीत पत्ता टाइप करणं बरं. सेलची किनार आणि रंगही सोबत उतरतात, तेवढं लक्षात असू द्या.

आता वागणं वेगळं का, ते. सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला ठिपका नक्कल करत नाही, अंदाज बांधतो. नुसती संख्या असेल तर एक्सेल ती तशीच उतरवतं, लिब्रेऑफिस एकेकाने वाढवतं. तारीख दोन्हीकडे एकेक दिवसाने सरकते. अक्षरांच्या शेवटी आकडा असला (गाडीचा नंबर, ‘लॉट ७’) की दोन्हीकडे वाढतो. ओढताना कंट्रोल दाबून ठेवलं की वागणं उलटतं: तारीख आणि गाडीचा नंबर दोन्हीकडे स्थिर राहतात, लिब्रेऑफिसमध्ये संख्याही स्थिर राहते, पण एक्सेलमध्ये नुसती संख्या मात्र वाढू लागते! एकाची सवय दुसरीकडे लावली की घोटाळा ठरलेला. शिवाय आधी माउसचं बटण सोडायचं, मग कंट्रोल. उलट केलंत तर कंट्रोल दाबलंच नव्हतं असं धरलं जातं.

एक्सेलमध्ये ओढून झाल्यावर कोपऱ्यात ऑटो फिल ऑप्शन्सचं छोटं बटण येतं, त्यातलं ‘कॉपी सेल्स’ निवडलं तरी वाढलेले आकडे मागे येतात. लिब्रेऑफिसमध्ये ‘ऑटोइनपुट’ बंद करा असा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. ते आधी लिहिलेला शब्द आपोआप पुरा करण्यासाठी आहे, आकडे वाढण्याशी त्याचा संबंध नाही.

गाडीचा नंबर वाढला तर निदान नजरेत भरतं. खरा धोका बागायतदारांच्या बँकेच्या रकान्यात आहे. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो. पहिली चार बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. एकाच शाखेच्या चाळीस खात्यांसाठी तो ओढलात तर शेवटचे अंक वाढत जातात, आणि त्यातला एखादा कोड दुसऱ्याच शाखेचा, म्हणजे अगदी वैध निघू शकतो. पिनकोडचंही तेच. देवगडचा ४१६६१३ लिब्रेऑफिसमध्ये पुढच्या ओळीत ४१६६१४ होतो. एक्सेलमध्ये संख्या असेल तर वाचतो, पण टेक्स्ट म्हणून साठवला असेल (सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो) तर तिथेही वाढतो.

दलालाच्या पट्टीवरून (विक्रीच्या हिशेबाच्या कागदावरून) उतरवलेल्या यादीत बागायतदाराचं नाव एकदाच असतं आणि खाली चार-सहा ओळी रिकाम्या. तिथे कंट्रोल-डी नको, पहिलंच नाव सगळ्यांवर चढेल. एक्सेलमध्ये रकाना निवडून एफ५, मग स्पेशल, मग ब्लँक्स. निवड तशीच ठेवून = टाइप करा, वरचा बाण एकदा दाबा आणि कंट्रोल-एंटर. प्रत्येक रिकामा सेल वरचं नाव घेईल. लगेच तो रकाना कॉपी करून त्याच जागी पेस्ट स्पेशलने फक्त व्हॅल्यूज चिकटवा. ते न करता यादी सॉर्ट केलीत तर नावं भलत्याच पेट्यांना लागतील. रकान्याचा फॉरमॅट टेक्स्ट असेल तर नावाऐवजी सूत्रच छापून येतं, आधी तो जनरल करा.

सूत्र असेल तर कंट्रोल-डी सुद्धा पत्ते सरकवतं, आणि ते बहुतेक वेळा हवंच असतं. पण हमालीचा दर एच१ मध्ये एकदाच लिहिला असेल तर दुसऱ्या ओळीत तो एच२ होतो, तो रिकामा, उत्तर शून्य. सूत्रात एच१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबा, डॉलरची खूण लागते आणि पत्ता जागचा हलत नाही. आजच्या तारखेसाठी टुडे हे सूत्र घालू नका, उद्या उघडाल तेव्हा सगळ्या पेट्या उद्याच रवाना झालेल्या दिसतील. कंट्रोल आणि अर्धविराम दाबा, तारीख पक्की बसते.

शेवटी रकान्याला फिल्टर लावून त्याचा बाण उघडा. यादीत एकच नंबर दिसला तर काम बरोबर. दोन दिसले तरी कुठेतरी ओढलेलं आहे.