नाउरूच्या फॉस्फेटवरून मित्रराष्ट्रांतच वाद का झाला?

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनाही शेतीसाठी फॉस्फेटपासून बनणारे स्वस्त खत हवे होते, हे त्याचे मूळ कारण. १८८८ पासून जर्मनीच्या ताब्यात असलेल्या नाउरू या प्रशांत महासागरातील बेटावर फॉस्फेटचे खाणकाम मात्र एक ब्रिटिश कंपनी करीत असल्यामुळे, पहिल्या महायुद्धात १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याने बेट घेतले तरी खाणींचा प्रश्न सुटला नाही. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान ह्यूज यांना बेट सरळ आपल्या देशात विलीन करून हवे होते. अखेर १९१९ च्या करारानुसार तिघांनी कंपनीचे हक्क विकत घेतले आणि फॉस्फेटचे अनुक्रमे ४२, ४२ व १६ टक्के असे वाटे ठरवले. राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) बेट या तिघांकडे तिथल्या लोकांच्या हितासाठी विश्वस्त म्हणून सोपवले होते; त्या भूमिकेशी ही वाटणी उघडच विसंगत होती. स्वतंत्र नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला, आणि १९९३ मध्ये भरपाई देऊन ऑस्ट्रेलियाने तो मिटवला.